सरासरी पगार किती वाढला, हे नेमके कसे मोजावे?

भांडुपकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या कारखान्यातील वेतनकराराची मुदत संपत आली आहे आणि नव्या मागणीपत्राला जोडायचे टिपण तयार करण्याचे काम युनियनने माझ्याकडे सोपवले आहे. जानेवारी २०१५ ते जानेवारी २०२४ या नऊ वर्षांत कामगारांचे सरासरी वेतन किती वाढले आणि महागाई वजा जाता त्यातले हातात काय उरले, एवढेच त्यात मांडायचे आहे. पण आकडे हाती घेतल्यावर दोन रीतींनी दोन अगदी वेगळी उत्तरे येत आहेत.

वेतनावरील एकूण खर्चाला हजेरीपटावरील माणसांच्या संख्येने भागले, तर सरासरी जेमतेम पावपटीने वाढलेली दिसते. सभासदांच्या पगाराच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर कायम कामगार असो वा कंत्राटी, प्रत्येकाचा पगार दीडपटीहून अधिक झालेला आहे. एकाही गटाची वाढ पन्नास टक्क्यांच्या खाली नसताना सर्वांची मिळून वाढ पंचवीस टक्क्यांच्या आसपास कशी येते, हे मला उमगलेले नाही. व्यवस्थापन अर्थातच मोठा आकडा पुढे करते. आमच्या समितीतील काही सहकाऱ्यांचा आग्रह आहे की आपण लहान आकडा लिहावा. मला दोन्हींपैकी खरा कोणता ते हवे आहे, कारण वाटाघाटीच्या टेबलावर समोरच्याने एक आकडा खोडून काढला की बाकीच्या सगळ्या टिपणावरचा विश्वास जातो.

दुसरी अडचण निर्देशांकाची आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षीची किंमतपातळी १०० धरतात ते वर्ष, मधेच बदलल्यामुळे २०१५ चा आकडा २५० च्या वर आणि २०२४ चा १४० च्या आत दिसतो. हे दोन आकडे जोडायचे कसे, आणि मुंबईचा निर्देशांक घ्यावा की अखिल भारतीय, हेही कृपया सांगावे.

विद्याविहार

भांडुपकर, तुमची दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत, एवढेच. कोणतीही सरासरी दोन कारणांनी हलते. एक तर ज्यांची सरासरी काढतो त्यांचे वेतन बदलते, नाही तर सरासरीत मोजली जाणारी माणसेच बदलतात. एकूण खर्चाला एकूण डोक्यांनी भागले की ही दोन्ही कारणे एकाच आकड्यात मिसळतात आणि नंतर ती नुसत्या नजरेने वेगळी करता येत नाहीत. तुमच्याकडे या नऊ वर्षांत कायम कामगार निवृत्त झाले किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले आणि त्यांच्या जागी कंत्राटी कामगार आले, असे झाले आहे का? मुंबई-ठाणे पट्ट्यात बहुतेक ठिकाणी तसेच झालेले असल्यामुळे मी तसे गृहीत धरते.

समजा, २०१५ मध्ये शंभर कामगारांपैकी ८० कायम होते आणि त्यांना महिना ३०,००० रुपये मिळत. २० कंत्राटी होते आणि त्यांना १२,००० मिळत. सरासरी २६,४०० रुपये झाली. समजा, २०२४ मध्ये कायम ४५ उरले आणि त्यांचा पगार ४८,००० झाला. कंत्राटी ५५ झाले आणि त्यांना २०,००० मिळू लागले. आता सरासरी ३२,६०० रुपये येते. कायम कामगाराची वाढ ६० टक्के, कंत्राटी कामगाराची जवळपास ६७ टक्के, आणि सरासरीची वाढ फक्त साडेतेवीस टक्के. आकडे काल्पनिक आहेत, पण तुमचे कोडे तंतोतंत हेच असावे.

आता ही गाठ सोडवू. २०१५ ची विभागणी, म्हणजे ८० आणि २०, तशीच कायम ठेवून तिला २०२४ चे पगार लावले, तर सरासरी ४२,४०० रुपये येते आणि वाढ ६०.६ टक्के दिसते. उलट २०२४ ची विभागणी, म्हणजे ४५ आणि ५५, दोन्ही वर्षांना लावली, तर २०१५ ची सरासरी २०,१०० रुपये होते आणि तेथून ३२,६०० पर्यंतची वाढ ६२.२ टक्के भरते. पहिल्या रीतीला लास्पेयर आणि दुसरीला पाशे यांचे नाव आहे. दोघेही एकोणिसाव्या शतकातील जर्मन अर्थशास्त्रज्ञ. १.६०६ आणि १.६२२ या दोन पटींचा भूमितीय मध्य, म्हणजे त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, काढला की सुमारे ६१.४ टक्के हे उत्तर मिळते, आणि वेतनदर किती वाढला याचे ते प्रामाणिक उत्तर आहे.

मग उरलेले कुठे गेले? २०१५ च्याच पगारांवर फक्त विभागणी बदलून पाहा. कोणाचाही पगार एका रुपयाने न हलता सरासरी २६,४०० वरून २०,१०० वर येते, म्हणजे जवळपास २४ टक्क्यांची घट. ही घट (०.७६१४ पट) आणि ६२ टक्क्यांची वाढ (१.६२१९ पट) यांचा गुणाकार केला की १.२३५ पट, म्हणजे तीच साडेतेवीस टक्के वाढ परत मिळते. तुमच्या समितीतील सहकाऱ्यांना जो लहान आकडा लिहायचा आहे, त्यात पगारवाढ कमी मिळाल्याची गोष्ट जवळजवळ नाहीच. कायम नोकऱ्या कमी झाल्याची गोष्ट त्यात आहे. म्हणून मी तरी तो आकडा पगारवाढ म्हणून लिहू नये असे आग्रहाने सांगेन. तो स्वतंत्र परिच्छेदात, त्याच्या खऱ्या नावाने लिहावा. ‘कारखान्यातील कायम पदांचे प्रमाण इतक्यावरून इतके झाले आणि केवळ त्यामुळे सरासरी वेतन इतके घटले’ हे विधान कोणालाही खोडता येत नाही, आणि माझ्या मते ते पगारवाढ कमी मिळाली या तक्रारीपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

हाच परिणाम उलट दिशेनेही होतो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत सुमारे दोन कोटी नोकऱ्या एका महिन्यात गेल्या आणि त्याच महिन्यात तेथील ताशी सरासरी वेतन ४.७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. कमी पगाराची माणसे मोठ्या संख्येने यादीतून गळाली, म्हणून उरलेल्यांची सरासरी वर गेली. पगारवाढ कोणाला मिळालेली नव्हती.

आणखी एक बारकावा आहे. त्याच त्या माणसाचा २०१५ चा आणि २०२४ चा पगार पाहिला, तर त्यात वार्षिक वेतनवाढी आणि बढत्याही येतात, कारण तो माणूस नऊ वर्षांनी अधिक अनुभवी झालेला असतो. पदाचा दर किती वाढला, माणसाची मिळकत किती वाढली आणि कारखान्याची सरासरी किती वाढली, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. वेतनकरारासाठी तुम्हाला पहिली हवी. तेव्हा वेतनश्रेणी आणि सेवेची वर्षे यांनुसार गट पाडावेत आणि २०१५ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्या फिटरची तुलना २०२४ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्या फिटरशी करावी.

लेखापाल दादर

विद्याविहार ताईंनी पहिला भाग पूर्ण केला आहे, मी निर्देशांकाचे सांगतो.

औद्योगिक कामगारांचा निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम ब्यूरो काढतो. त्याची पायाभूत वर्षे १९६०, १९८२, २००१ आणि आता २०१६ अशी बदलत आली आहेत. २०१६ ची मालिका सप्टेंबर २०२० च्या निर्देशांकापासून सुरू झाली. नवी मालिका आली की जुनीशी जोडण्यासाठी एक दुवा-गुणक जाहीर होतो. २०१६ वरून २००१ च्या मालिकेत जाण्यासाठी अखिल भारतीय गुणक २.८८ आहे. जानेवारी २०२४ चा अखिल भारतीय आकडा १३८.९ होता. त्याला २.८८ ने गुणले की जुन्या पायावर ४०० येतात. जानेवारी २०१५ चा आकडा २५४ होता. म्हणजे नऊ वर्षांत किमती १.५७५ पट, अर्थात साडेसत्तावन्न टक्क्यांनी वाढल्या.

आता तुमच्या प्रश्नातील ‘महागाई वजा जाता’ या शब्दांबद्दल. बोलताना आपण सगळेच तसे म्हणतो, पण गणितात वजाबाकी करू नका, भागाकार करा. ताईंच्या उदाहरणात वेतनदर १.६१४ पट झाला. ६१.४ मधून ५७.५ वजा केले तर ३.९ टक्के वास्तव वाढ दिसते; १.६१४ ला १.५७५ ने भागले तर ती अडीच टक्केच भरते. काळ जितका लांब आणि महागाई जितकी जास्त, तितका हा फरक वाढत जातो. आणि ढोबळ सरासरीचे १.२३५ घेऊन भागले, तर वास्तव वेतन २१ टक्क्यांहून अधिक घटलेले दिसते. एकाच कारखान्याच्या, एकाच काळाच्या, एकाही खोट्या नोंदीशिवायच्या आकड्यांतून एकदा किंचित वाढ आणि एकदा मोठी घट निघते, त्यामुळे कोणती पद्धत वापरली हे टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहिणे अत्यावश्यक आहे.

मुंबई की अखिल भारतीय? मुंबईतील कामगारांसाठी मुंबई केंद्राचाच निर्देशांक घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र प्रत्येक केंद्राचा दुवा-गुणक वेगळा असतो, त्यामुळे मुंबईच्या आकड्याला २.८८ लावू नका. मुंबईचा स्वतःचा गुणक लावा. कराराने तुमचा महागाई भत्ता ज्या मालिकेला बांधलेला आहे, तीच मालिका टिपणातही वापरावी, म्हणजे समोरून हरकत येणार नाही. शिवाय एका महिन्याचा आकडा कांदा-टोमॅटोच्या भावाने हलतो, म्हणून दोन्ही टोकांना बारा महिन्यांची सरासरी घेणे बरे.

घरभाड्याविषयी सावध राहा. या निर्देशांकातील घरभाड्याचा भाग सहा महिन्यांतून एकदाच, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. नव्या मालिकेत घराला जवळपास १७ टक्के भार आहे. परळच्या चाळीत पागडीने राहणाऱ्याचे भाडे वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर असते, आणि तोच माणूस बदलापूरला भाड्याने राहायला गेला की त्याचा खर्च एका फटक्यात बदलतो. निर्देशांक सरासरी कुटुंबाचा असतो. तुमच्या सभासदांपैकी किती जण गेल्या नऊ वर्षांत उपनगरांपलीकडे गेले, हे त्यातून कळत नाही. त्याची वेगळी माहिती गोळा करता आली तर करावी.

नवखा अभ्यासक

सरासरीऐवजी मध्यक वापरला तर हा सगळा घोळ टळणार नाही का? सर्वांना पगाराच्या क्रमाने उभे करायचे आणि मधल्या माणसाचा पगार पाहायचा. चार अधिकाऱ्यांचे मोठे पगार मग आकडा फुगवू शकत नाहीत.

विद्याविहार

अधिकाऱ्यांच्या पगारांपुरते तुमचे म्हणणे योग्य आहे आणि मध्यक द्यावाच. पण येथील अडचण त्याने सुटत नाही, उलट वाढते. वरच्याच उदाहरणात २०१५ चा मधला माणूस कायम कामगारांत पडतो, म्हणून मध्यक ३०,०००. २०२४ मध्ये तो कंत्राटी कामगारांत पडतो, म्हणून मध्यक २०,०००. दोन्ही गटांचे दर साठ टक्क्यांहून अधिक वाढले आणि मध्यक एकतृतीयांशाने घसरला! विभागणी स्थिर ठेवल्याशिवाय मध्यकही तेच सांगणार.

लालबागकर

या विषयाला मुंबईत शंभर वर्षांची परंपरा आहे, म्हणून थोडे लिहितो.

मुंबई सरकारचे श्रम कार्यालय १९२१ मध्ये सुरू झाले आणि कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांक जुलै १९१४ हा पाया धरून प्रसिद्ध होऊ लागला. पुढे १९३३-३४ च्या पायावरची मालिका आली आणि गिरणी कामगारांचा महागाई भत्ता तिच्याशी जोडला गेला. तीच मालिका पुढे तीसेक वर्षे चालली. बाजारातला अनुभव आणि निर्देशांक यांचा मेळ बसत नाही, अशी कामगारांची तक्रार वाढत गेली आणि १९६३ मध्ये राज्य सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निर्देशांक प्रत्यक्ष भाववाढीपेक्षा कमी दाखवत होता, असाच समितीचा निष्कर्ष निघाला. लेखापाल साहेबांनी सांगितलेली सावधगिरी किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

गिरण्यांच्या आकड्यांतून शिकण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे भाजक कोणता घ्यावा. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही आणि कोणी गैरहजर असेल तरच त्याला काम मिळे. त्याचे नाव पटावर असे, पण महिन्यात दिवस भरत ते बारा किंवा पंधरा. एकूण वेतनाला पटावरील नावांनी भागले की सरासरी खाली येते आणि भरलेल्या दिवसांनी भागले की वर जाते. दर किती होता हे दुसरा आकडा सांगतो, घर किती रुपयांवर चालत होते हे पहिला. आजच्या कंत्राटी कामगाराच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न आहे, म्हणून भांडुपकरांनी दोन्ही आकडे द्यावेत.

आणि जे यादीतूनच गेले त्यांचे काय? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीत काम मिळाले नाही. उद्योगांच्या वेतनाचे सरकारी आकडे ज्यातून येतात ते वार्षिक उद्योग सर्वेक्षण नोंदणीकृत कारखान्यांचे असते, म्हणजे त्या काळी वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान दहा आणि न वापरणाऱ्या ठिकाणी किमान वीस कामगार लागत. गिरणी सुटल्यावर जो माणूस भिवंडीच्या लहानशा मागावर किंवा वडापावच्या गाडीवर गेला, त्याची घटलेली मिळकत त्या उद्योगाच्या सरासरीत कधीच उतरली नाही. राहिलेल्यांची सरासरी तेवढी मोजली गेली. मला हे मनापासून सांगावेसे वाटते की तुमच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेलेल्यांचा पत्ता शक्य असेल तर काढा आणि ते आज काय कमावतात ते विचारा.

भांडुपकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंचा अंदाज खरा आहे. आमच्याकडे कायम पदे निम्म्याच्या आसपास आली आहेत. टिपणात आता वेतनदर आणि पदांची विभागणी असे दोन वेगळे भाग करतो.

दोन शंका उरल्या आहेत. माझ्यासमोर एका मशीनिस्टची जानेवारी २०२४ ची पावती आहे. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, हजेरी भत्ता आणि ओव्हरटाइम असे रकाने आहेत. भरलेले दिवस १९ आणि ओव्हरटाइमचे तास २२. एकूण रक्कम पाहिली तर २०१५ च्या मानाने वाढ फारच थोडी दिसते. ही पावती धरावी की वगळावी? आणि कंत्राटी कामगारांचे जुने पगारपत्रक कंपनी देत नाही, कंत्राटदारही बदलले. ते कोठून मिळवावे?

लेखापाल दादर

पावती वगळू नका, पण एकूण रकमेचा रकाना वापरू नका. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांचा पूर्ण महिन्याचा, म्हणजे २६ दिवसांचा दर काढा आणि त्याचीच तुलना करा. आजारपणामुळे किंवा दुसऱ्या कारणाने त्याचे १९ च दिवस भरले असतील. त्यात दराचा दोष नाही. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने मिळतो, त्यामुळे काम जास्त असलेल्या वर्षी मिळकत फुगते. तो वेगळ्या रकान्यात तासांसह दाखवा. बोनस तर एका महिन्यात येतो, त्यामुळे एका टोकाला दिवाळीचा महिना आणि दुसऱ्या टोकाला साधा महिना अशी तुलना होऊ देऊ नका.

महागाई भत्ता तुमच्याकडे निर्देशांकाच्या दर पॉइंटला ठरावीक रुपये असा आहे का, तेही पाहा. तसा असेल तर खालच्या श्रेणीतील कामगाराला महागाईची भरपाई टक्केवारीने जास्त आणि वरच्या श्रेणीतील कुशल कामगाराला कमी मिळते. सर्वांची मिळून अडीच टक्के वास्तव वाढ दिसत असतानाच टूलरूममधील जुन्या कारागिराचे वास्तव वेतन घटलेले असू शकते. म्हणून श्रेणीवार तक्ता द्याच.

पुढच्या करारासाठी एक सूचना आहे. वेतन संहिता, २०१९ मधील व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीची रक्कम वेतनात धरली जाते. त्यामुळे काही आस्थापना पावतीची मांडणी बदलतात आणि मूळ पगाराचा आकडा एकाएकी मोठा दिसू लागतो. जुन्या-नव्या पावत्यांची तुलना करताना सर्व नियमित भत्ते एकत्र धरून केली की ही उडी वाढ म्हणून मोजली जाणार नाही.

विद्याविहार

कंत्राटी पगारपत्रकाबद्दल सांगते. तुमच्या नऊ वर्षांच्या काळाला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होता. त्याच्या कलम २१ नुसार वेतनवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असणे आणि दिलेल्या रकमेवर त्याने सही करणे बंधनकारक होते. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारीही मूळ मालकावर होती. त्यामुळे ते वेतन आपल्या माहितीबाहेरचे आहे, असे कंपनीला सहज म्हणता येणार नाही. लेखी मागणी करा. पगारपत्रक मिळेपर्यंत कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकांवरून काम चालवा. त्यात दर महिन्याचे वर्गणीपात्र वेतन नोंदलेले असते आणि कंत्राटदार बदलला तरी सदस्य आपल्या नोंदी स्वतः काढू शकतो. काही कंत्राटदार वर्गणी पूर्ण वेतनावर भरत नाहीत, तेव्हा पाच-सहा जणांच्या पासबुकातील आकडे त्यांच्या बँक खात्यात जमा झालेल्या रकमांशी आधी ताडून पाहा आणि मगच ते तक्त्यात घ्या.